पहिल्यांदाच फ्लॅगशिप सेडान घेताय? आधी मागच्या सीटवर जाऊन बसा

आमच्या गोव्यात फोंडा, म्हापसा, मडगाव साईडला आता बऱ्याच घरांत पहिल्यांदाच अशी गाडी येतेय. धंदा बसलाय, मुलं हाताशी आलीत, आई-बाबांचं वय झालंय, मग घरात ठरतं की आता एकदाच चांगली गाडी घ्यायची. आणि शोरूममध्ये गेल्यावर होतं काय, सगळे पुढच्या स्क्रीनला हात लावतात, स्टिअरिंग धरून फोटो काढतात, शून्य ते शंभर किती सेकंदात विचारतात आणि टोकन देऊन येतात, आणि ज्यांच्यासाठी गाडी घेतली ती माणसं मागे पहिल्यांदा बसतात ती थेट डिलिव्हरीच्या दिवशी. माझं सगळं सांगणं एवढ्याच गोष्टीवर आहे. फ्लॅगशिप सेडान मागे बसणाऱ्या माणसासाठी बनवलेली असते, तिचे निम्मे पैसे मागच्या दोन दारांच्या मधे खर्च झालेले असतात, तर तिची परीक्षापण तिथूनच घ्या.

फ्लॅगशिप म्हणजे कंपनीची सगळ्यात वरची गाडी. अशा कुठल्या, तर मर्सिडीजची एस क्लास, बीएमडब्ल्यूची सेव्हन सिरीज, ऑडीची ए८ एल, आणि इलेक्ट्रिकमध्ये बीएमडब्ल्यूची आय७, मर्सिडीजची ईक्यूएस. कंपनीकडे जे काही नवीन तयार होतं ते बहुतेक आधी या गाड्यांत येतं, मग हळूहळू खाली उतरतं. १९७८ मध्ये एस क्लासला इलेक्ट्रॉनिक एबीएस ब्रेक (जोरात दाबले तरी चाकं जाम न होऊ देणारे) आले, आज ते आपल्या छोट्या हॅचबॅकलाही असतात. त्यामुळे फीचर्सची यादी लांबलचक असणारच, तिला घाबरू नका, खालच्या क्रमाने गेलात तर त्यातलं तुमच्या कामाचं काय ते आपोआप वेगळं होतं.

सुरुवात घरी, टेप घेऊन

गेटची रुंदी, पोर्चची लांबी, गेटसमोरची वाट किती रुंद आहे आणि आत वळायला किती जागा आहे हे मोजून मोबाईलमध्ये लिहून ठेवा. आताची सेव्हन सिरीज ५३९१ मिमी लांब आणि १९५० मिमी रुंद आहे, आरसे धरले तर रुंदी २.१९ मीटरवर जाते. लाँग व्हीलबेसची (व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) एस क्लास ५२८९ मिमी. म्हणजे चार मीटरच्या आतल्या ज्या गाड्या आपण इतकी वर्षं चालवल्या त्यांच्यापेक्षा सव्वा मीटरच्या वर जास्त लांबी. आपल्या गावातल्या वाटा, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचा गडगा, त्यात समोरून बस आली की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

म्हणून एक फीचर गोव्यात मी फार वर ठेवतो, ते म्हणजे मागची चाकंपण वळणारं स्टिअरिंग. कमी स्पीडला मागची चाकं पुढच्यांच्या उलट दिशेला वळतात आणि गाडी कमी जागेत फिरते. एस क्लासमध्ये हे साडेचार अंश किंवा दहा अंश अशा दोन प्रकारांत बनवलंय, दहा अंशवाल्यात लाँग व्हीलबेस गाडीचं टर्निंग सर्कलसुद्धा, म्हणजे पूर्ण वळायला लागणारी जागा, अकरा मीटरच्या आत येतं, म्हणजे जवळपास छोट्या गाडीसारखं. सेव्हन सिरीजमध्ये साडेतीन अंशापर्यंत वळतात. तुम्ही बघताय त्या व्हेरिएंटला कुठलं मिळतंय, की मिळतच नाहीये, ते सेल्सवाल्याकडून लेखी घ्या. तोंडी "आहे सर" यावर थांबू नका.

दुसरं, एअर सस्पेन्शनला, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणाऱ्या सस्पेन्शनला, गाडी वर उचलायचं बटण असतं. एस क्लास साधारण ३० मिमी वर उचलली जाते, सेव्हन सिरीज २० मिमी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गेटचा चढ, अघोषित स्पीड ब्रेकर आणि दिवाडी-चोडणच्या फेरीबोटीचा रॅम्प, जो ओहोटीला चांगलाच तिरका होतो, या तिन्ही ठिकाणी पोट घासायचं की नाही ते या दोन-तीन सेंटीमीटरवर ठरतं, कारण व्हीलबेस तीन मीटरच्या वर आहे आणि लांब गाडीचं पोटच आधी टेकतं. दिवाडीला रोज जायचं असेल तर एकदा टेस्ट ड्राइव्हची गाडी तिथे न्यायची परवानगी मागा.

बाहेरून बघताना

जवळ जाऊन ग्रिलला हात लावायच्या आधी पंधरावीस पावलं लांब, गाडीच्या बाजूला उभे राहा. चांगल्या मोठ्या सेडानची ओळख बाजूने पटते. पुढचं चाक आणि पुढचं दार यांच्यात अंतर जास्त, बॉनेट लांब, पुढच्या चाकापुढे बंपर कमी बाहेर आलेला, आणि मागचं दार पुढच्यापेक्षा लांब. हे मागचं दार बघा, सगळी श्रीमंती तिथे आहे. ईक्यूएस या साच्यात बसत नाही, तिचं छत पुढून मागे एकाच कमानीत जातं, कारण तिथे हवेला कापणं हे पहिलं काम होतं, तिचा ड्रॅग कोएफिशंट (हवेचा अडथळा सांगणारा आकडा, कमी तेवढा चांगला) ०.२० आहे, एस क्लासचा ०.२२. या कमानीचा फायदा रेंजला होतो पण मागच्या सीटच्या डोक्यावर ते छत उतरतं, त्यामुळे उंच माणसाने तिथे बसूनच ठरवावं. आणि तिचं बॉनेट मालकाने उघडायचं नसतं, ते सर्व्हिसवालेच उघडतात, काच धुवायचं पाणी डाव्या बाजूच्या छोट्या झाकणातून भरतात, हे घरच्या ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा नाहीतर तो पहिल्या दिवशी लिव्हर शोधत बसेल.

सेव्हन सिरीजचा चेहरा, म्हणजे दोन मजल्यांचे हेडलाइट आणि भलं मोठं ग्रिल, काहींना अजिबात आवडत नाही. मला फोटोत आवडला नव्हता, प्रत्यक्षात त्या आकाराच्या गाडीला तो शोभतो असं माझं मत झालंय. तुम्ही फोटोवरून ठरवू नका एवढंच, आणि शक्य असेल तर शोरूमच्या पांढऱ्या लाइटखाली नको, बाहेर उन्हात बघा, कारण आपल्याकडे ती उन्हातच दिसणार आहे.

चाकांबद्दल ठामपणे सांगतो. २१ इंचाची अलॉय दिसायला झकास, पण चाक मोठं झालं की टायरची भिंत तेवढी पातळ होते, आणि खड्ड्याचा पहिला मार झेलते ती ही भिंत. १९ इंचाचा पर्याय असेल तर १९ घ्या, २० पर्यंत ठीक. गाडी तीच, सस्पेन्शन तेच, पण मागे बसलेल्या आजीच्या कमरेला फरक लगेच कळतो. स्पेअर टायर आहे का, रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर) आहेत का, आणि तो साईज गोव्यात मिळतो की बेळगाव-पुण्याहून मागवावा लागतो हेही याच वेळी विचारा.

चढणं आणि उतरणं

इथे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बरोबर न्या, त्यांच्या रोजच्या कपड्यात आणि रोजच्या चपलेत. नऊवारी नेसणारी आजी असेल तर नऊवारीतच. सेडान एसयूव्हीपेक्षा बुटकी असते, त्यामुळे आत जाताना डोकं वाकवावं लागतं आणि बाहेर येताना गुडघ्यावर जोर येतो. तीन गोष्टी बघा: दार किती अंशात उघडतं, खालचा उंबरठा किती रुंद आहे (रुंद असला की पाय लांब टाकावा लागतो आणि पावसात साडीचा काठ त्याला पुसला जातो), आणि आधी बसून मग दोन्ही पाय एकदम आत घेता येतात का.

आताची सेव्हन सिरीज १५४४ मिमी उंच आहे, एस क्लास १५०३. ही चार सेंटीमीटर गुडघ्याच्या त्रासवाल्यांना जाणवतात. सेव्हन सिरीजची ही बॉडी पेट्रोल-डिझेल आणि इलेक्ट्रिक दोन्हींसाठी एकच आहे, बॅटरी खाली बसवायची म्हणून उंची वाढलीय, आणि त्याचा फायदा चढायला-उतरायला झालाय. तिची दारं बटणाने आपोआप उघडतात आणि बंद होतात, बाजूला काही असेल तर सेन्सर थांबवतो. घरच्या पोर्चमध्ये फार छान, पण म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी स्कूटर कुठून येईल सांगता येत नाही, तिथे हाताने उघडायची सवय ठेवा. त्यापेक्षा सॉफ्ट क्लोज, म्हणजे दार नुसतं टेकवलं की उरलेलं स्वतः ओढून घेतं, हे मला जास्त कामाचं वाटतं. म्हाताऱ्या माणसांना जड दार आपटायला लागत नाही.

मागची सीट, इथे घाई करू नका

निदान अर्धा तास बसा. सेल्सवाल्याला सांगा आम्हाला एकटं सोड, तो चांगला मुलगा असेल तर चहा आणून देईल.

आधी डावी-उजवी समजून घ्या. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून मालकाची सीट मागची डावी. पुढची डावी सीट बटणाने पुढे सरकते आणि मागच्या माणसाला पाय लांब करता येतात, पोटरीखाली आधार वर येतो, पायाला फूटरेस्ट मिळतो. सेव्हन सिरीजच्या एक्झिक्युटिव्ह लाउंज या मागच्या सीटच्या पॅकेजमध्ये पाठ ४२.५ अंशापर्यंत मागे जाते. ब्रोशरमध्ये जो पाय पसरून बसलेला माणूस दिसतो तो याच एका सीटवरचा. उजवीकडच्याला तेवढं मिळत नाही, आणि डावीकडे पूर्ण झोपलं की पुढच्या डाव्या सीटवर कोणी बसू शकत नाही. चवथीला गावच्या घरी पाच जण निघालात तर हे सुख त्या दिवशी कोणालाच नाही. शिवाय काही पॅकेजमध्ये मागे मधे कायमचा कन्सोल येतो आणि गाडी चार सीटची होते, हे नीट विचारा, कारण नातवंडं मधेच बसतात.

आता बसलात की एकेक तपासा. मांडी गुडघ्यापर्यंत सीटला टेकते का? टेकत नसेल तर फ्लोअर वर आलाय. इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी पायाखाली असते म्हणून हे जास्त होतं, ईक्यूएसमध्ये मागे बसल्यावर गुडघे थोडे वर राहतात, तासाभराच्या प्रवासात काही नाही पण गोवा-पुणे केलंत तर कंबर बोलते. मग मानेची उशी, ती मऊ आहेच, पण मान पुढे ढकलत नाही ना ते बघा. मसाज लावा आणि सगळे प्रोग्रॅम एकेक करून बघा, तो कंबरेला बसतो की पाठीच्या मधेच फिरतो, बुटक्या माणसाला बऱ्याचदा तो भलत्याच ठिकाणी लागतो. सीटची बटणं चष्मा नसताना सापडतात का? सेव्हन सिरीजमध्ये मागच्या दारांत साडेपाच इंचाचे टचस्क्रीन आहेत आणि बरंचसं काम तिथून होतं, तरुणांना मजा येते, बाबांना मात्र हाताला लागणारं बटणच बरं वाटतं. हे आधी कळलेलं बरं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. झोपलेल्या सीटवर बेल्ट लावायचाच, आणि गाडी पळत असताना फार आडवं व्हायचं नाही. पाठ जेवढी मागे जाते तेवढा बेल्ट छातीपासून सुटतो आणि धक्का बसला की माणूस बेल्टखालून पुढे घसरतो. एस क्लासमध्ये यासाठी सीटच्या गादीतच एअरबॅग दिलीय जी मांड्यांकडचा भाग उचलून घसरणं अडवते, आणि आताच्या पिढीत पुढच्या सीटच्या पाठीतून मागच्या माणसासमोर उघडणारी एअरबॅगही मिळते, जी आधी कुठल्याच गाडीत नव्हती. पण हे सगळं बेल्ट लावलेल्या माणसाला धरून बनवलंय. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर होते, आणि बेल्ट नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. आपल्याकडे अजून "मागे कशाला बेल्ट" असं म्हणणारी मोठी माणसं घराघरात आहेत, त्यांना बेल्ट सहज सापडतो का, बकल गादीत रुतलेलं नाही ना, हे सीट बघतानाच बघा.

शांतता ऐकायला शिका

या गाड्यांत दुहेरी थराच्या काचा, टायरच्या आत चिकटवलेला फोम, बॉडीच्या पोकळ्यांत भरलेला फोम, असं बरंच काही असतं. शोरूममध्ये ते कळत नाही. गाडी चालू असताना मागे बसून हळू आवाजात पुढच्याशी बोला, ऐकू गेलं पाहिजे. म्युझिक सिस्टिम आधी बंद ठेवूनच फिरा, ती मुद्दाम लावतात. नंतर लावा खुशाल, एस क्लासची वरची बर्मेस्टर सिस्टिम ३१ स्पीकरची आहे, त्यावर एखादं नाट्यगीत किंवा अभंग लावून बघा, नुसता बेस नको, तबला आणि माणसाचा आवाज स्वच्छ येतो का हे त्यातूनच कळतं.

टेस्ट ड्राइव्हचा रस्ता तुम्ही ठरवा

शोरूमवाले गुळगुळीत चौपदरीवर नेऊन आणतात. तुम्ही सांगा की पणजीच्या अटल सेतूवरून, म्हणजे मांडवीवरच्या पुलावरून जाऊ, तिथे वारा असतो, काचेजवळ शिट्टी येते का कळेल, आणि पुलाच्या जोडांवर चाकं आदळताना मागे काय पोचतं तेही. मग पणजीहून रायबंदरच्या जुन्या पाट्यावरून, म्हणजे बांधावरच्या रस्त्याने, जुने गोवे, बाणस्तारी, म्हार्दोळ करत फर्मागुडीच्या चढाने फोंड्याला या. या एका पट्ट्यात अरुंद रस्ता, वळणं, गाव, स्पीड ब्रेकर, चढ सगळं मिळतं. जाताना तुम्ही मागे, येताना आई-बाबा मागे, आणि चालवणारा तोच जो रोज चालवणार आहे.

कम्फर्ट मोडमध्ये एअर सस्पेन्शन खड्डे सुरेख गिळतं, पण वळणांवर गाडी डोलते, आणि त्या डोलण्याने काहींना मळमळतं. चोर्ला घाटातून बेळगावला जाणारं कुटुंब असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. घाटात ड्रायव्हरने स्पोर्ट मोड लावला तर गाडी थोडी कडक होते आणि उलटीवाल्यांना उलट बरं वाटतं, करून बघा. आय७ असेल तर तिचं वजन अडीच टनांच्या वर आहे, ते खाली असल्याने ती जमिनीला धरून चालते, फक्त पावसात उतारावर ब्रेकचा अंदाज नव्या ड्रायव्हरला यायला वेळ लागतो.

ऊन, एसी, काच

दुपारी दोन वाजता गाडी उन्हात अर्धा तास उभी करून मग मागे बसा. मागच्या एसीला वेगळं तापमान आहे का, मधल्या खांबातून हवा तोंडावर येते का, सीटचं व्हेंटिलेशन खरंच पाठ सुकवतं का, हे सगळं तेव्हाच कळतं. हीटेड सीट, गरम होणारी मानेची उशी यांना गोव्यात काडीचा उपयोग नाही, त्यासाठी पॅकेजचे जादा पैसे देऊ नका, व्हेंटिलेशनसाठी मात्र द्या. काळी फिल्म चिकटवायचा विचार सोडा, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच ती बंद केलीय, म्हणून कंपनीचे वर-खाली होणारे सनब्लाइंड मागच्या दोन्ही दारांना आणि मागच्या काचेला असले पाहिजेत. काचेच्या छताला जाड पडदा आहे का बघा. आणि ती गाडी माडाखाली उभी करू नका, पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, महिन्याने उशीर करतो आणि नारळ वाट बघत नाही.

स्क्रीन

सेव्हन सिरीजमध्ये छतातून ३१.३ इंचाचा स्क्रीन खाली येतो, ८के आहे, मुलं वेडी होतात. तो खाली आला की ड्रायव्हरला आरशातून मागचं दिसत नाही, आणि डोळ्यांच्या फार जवळ असल्याने वळणाच्या रस्त्यावर डोकं गरगरतं. विमानतळावर कोणाची वाट बघत उभे असताना मस्त. नुसत्या त्यासाठी गाडी निवडू नका.

रंग, लेदर आणि आपला पावसाळा

क्रीम लेदर फोटोत सुंदर, पण आपली माती लाल आहे आणि जूनपासून ती प्रत्येक चपलेला चिकटून आत येते. टॅन किंवा गडद तपकिरी घ्या, खालचं कार्पेट तरी गडदच घ्या. बीएमडब्ल्यूमध्ये काश्मिरी लोकर मिसळलेल्या कापडाचा पर्याय असतो, हाताला फार छान लागतो आणि उन्हात चटका देत नाही, पण दमट हवेत त्याची निगा कोण राखणार हे आधी ठरवा. चकचकीत काळ्या प्लास्टिकवर बोटांचे ठसे आणि चरे दोन्ही पटकन दिसतात, लाकडाची खरखरीत फिनिश मिळत असेल तर ती बरी.

पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस बंद राहिली की सीटवर आणि बेल्टवर बुरशी धरते. ओल्या गाडीवर कव्हर घालू नका, आत दमट कोंडतं. दोन-तीन दिवसांनी एकदा एसी लावून फिरवा, ओले मॅट काढून घरात वाळवा, लेदर नुसत्या ओलसर कपड्याने पुसून पूर्ण कोरडं करा. समुद्राजवळ राहत असाल तर गाडी खालूनही धुवायला सांगा, खारी हवा तिथेच काम करते. आणि उंदीर, पावसात ते गरम बॉनेटखाली शिरतात आणि वायर कुरतडतात, या गाड्यांत वायरिंगचं बिल फार मोठं येतं, म्हणून पोर्चजवळ भाताची पोती, कोंडा असलं काही ठेवू नका.

बुकिंग आणि डिलिव्हरी

एस क्लास आणि ईक्यूएस पुण्याजवळ चाकणला जोडल्या जातात, आय७ पूर्ण तयार होऊन बाहेरून येते. इथे जोडलेल्या गाडीला रंग आणि पॅकेज ठरलेली असतात, स्वतःच्या आवडीचं काही वेगळं हवं असेल तर जास्त थांबावं लागतं, तेव्हा जी गाडी बघितली त्याच व्हेरिएंटची फीचर लिस्ट सही घेऊन घ्या, परदेशातल्या व्हिडिओत दिसलं म्हणून आपल्याला मिळेलच असं नाही.

डिलिव्हरी चतुर्थीच्या किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावर घ्यायची असेल तरी गाडी आदल्या दिवशी उजेडात बघून या, कारण मुहूर्ताच्या दिवशी हार, नारळ, फोटो यात कोणी काही तपासत नाही. समजवायला येणाऱ्या माणसाला ड्रायव्हर आणि आई-बाबा दोघांसमोर सगळं सांगायला लावा, घरी बोलावलंत तर आणखी चांगलं. मागच्या डाव्या सीटच्या मेमरीत पहिलं बटण आईच्या बसण्याचं, दुसरं बाबांचं, असं त्यांना बसवून तिथल्या तिथे सेट करून घ्या, पाठ, मान, पोटरी सगळं. गेटमधून पहिल्यांदा आत घेताना सस्पेन्शन वर उचला आणि एकाने बाहेर उभं राहून चाकांकडे बघा.